निजून खेळायचे खेळ

ग्यानबानं उन्हातून घरात पाय टाकला, हातातलं पिवळ्या दस्तीचं, म्हणजे हातरुमालाचं, गाठोडं बाजेवरच्या खुंटीला अडकवलं आणि बाजेवर असं अंग टाकलं, की तिच्या एका सुतळीनं तिथंच राम म्हटला.

"निजू नगा," म्हाळसाबाई म्हणाली. तिच्या डोक्यावर धुण्याचं हे एवढं बोचकं होतं. "मी वढ्यावर जाऊन येते. देव यायचेत घरात, अन् घरात एक धड धुतलेलं चिरगूट न्हाई. तवर लेकरं बगा. अन् देव बगा."

"बगायलोय की."

"डोळे मिटून?"

"डोळे मिटले की ध्यान चांगलं ऱ्हातं," ग्यानबा म्हणाला. म्हाळसाबाईनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा खुंटीकडं पाहिलं, आणि जड मनानं ती निघाली.

दस्तीत चांदीचे चार टाक होते. खंडोबा, म्हाळसा, बिरोबा आणि तुळजापूरची भवानी. परभणीच्या बन्सीधर सोनारानं ते उजळून द्यायला एक अख्खा दिवस घेतला होता, आणि तो अख्खा दिवस ग्यानबा सोनाराच्या ओट्यावर बसून होता, कारण देव नजरेआड करायचे नाहीत असा भावकीचा हुकूम होता. मग कोंबडं आरवायला तो परभणीहून निघाला तो पायी झरीपर्यंत. वाटेत फाट्यावर एका सरकारी जवानानं अडवलं होतं.

"पोटली में क्या है रे?"

"देव हायत साहेब."

जवानानं गाठ सोडली, देवांकडं पाहिलं, ग्यानबाच्या तांबारलेल्या डोळ्यांकडं पाहिलं आणि गाठ पुन्हा बांधून दिली. "सँभाल के ले जा. गिराना मत." जो भेटेल तो ग्यानबाला देव सांभाळायलाच सांगत होता.

त्याला कारणही तसंच होतं. हे देव आजवर थोरल्या घरी असायचे. थोरला भाऊ वारला, तरी त्याची बायको कासाबाई त्यांना सांभाळून होती. तिला मूलबाळ नव्हतं. देवांना अंघोळ, देवांना निवद, देवांपुढं दिवा, यातच तिचा दिवस जायचा. एक वर्ष तरी देवांची पाळी आपल्या घरी यावी, म्हणून ग्यानबा दरसाल भावकीपुढं हात जोडायचा. आणि दरसाल कासाबाई म्हणायची, "सवताच्या डोक्यावरचा पटका सांभाळता येत न्हाई तुला, देव काय सांभाळतोस, डोंबल?"

यंदा मात्र भावकीनं निवाडा दिला: वर्षभर देव ग्यानबाकडं. कासाबाईनं वाद घातला नाही. तिनं एवढंच सांगितलं, की बसवायच्या दिवशी, भावकी दारात येईल तेव्हा देव जागेवर असले पाहिजेत. त्यात उन्नीस-बीस झालं तर देव तिच्या घरी, आणि पुन्हा पाळीचं नाव काढायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाळसाबाईनं त्याच दिवसापासून भिंतीतली देवळी सारवायला घेतली. लग्न होऊन आल्यापासून तिच्या घरात देव नव्हता. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण हळदीकुंकवाला बायका आधी थोरल्या घरी जात आणि मग वेळ उरला तर हिच्याकडं येत, हे तिला बरोबर कळायचं.

आणि तो बसवायचा दिवस आजचाच. दिवस कलला की भावकी येणार होती.

आता ग्यानबा आळशी नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्या धनगराची मेंढरं खतासाठी रातभर दुसऱ्याच्या रानात बसतात, त्याला रात्री झोप कुठली? ती दिवसा घ्यावी, तर दिवसा लेकरं जागी. येडबा पाच वर्षांचा, कडूबाई तीनची. म्हणून ग्यानबानं गरजेपोटी एक इलम कमावला होता. लेकरांशी निजल्या निजल्या खेळता येतील असे खेळ तो काढायचा. त्यात अख्ख्या झरीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

एक खेळ होता डोंगराचा. ग्यानबा पालथा पडायचा, लेकरं पाठीवर चढायची, उतरायची, डोंगर आपला गप पडून पाठ चेपून घ्यायचा. दुसरा मुंग्यांचा. उंबऱ्यातून मुंग्यांची रांग चालली, की ते मेंढरांचं खांड आणि आपण धनगर. एकही मुंगी खांडाबाहेर जाऊ द्यायची नाही. हा खेळ चांगला घटकाभर चालायचा. आज त्यानं दोन्ही खेळ काढून पाहिले. डोंगरावर दोघांची मारामारी झाली आणि एक लाथ डोंगराच्या कानशिलात बसली. मुंग्या राखताना कडूबाईला मुंगी चावली. तिला थोपटत थोपटत तो बाजेवर घेऊन पडला, तर ती झोपली, पण येडबा राहिला.

"बा, आता काय खेळायचं?"

"लपवालपवी," ग्यानबा कण्हत म्हणाला. "तू काय बी लपव. मी डोळे झाकतो. मग मी हुडकतो."

येडबानं काठी लपवली आणि बाजेखाली ढकलून लगेच ओरडला, "हुडक!" मग चिलीम लपवली आणि ओरडला, "चुलीत हाय, हुडक!" असल्या खेळात झोप कशी लागणार? तेव्हा ग्यानबानं नेम कडक केले. त्यानं डोळे न उघडता बोट वर केलं.

"हे बग येडबा. सोप्या जागी लपवायचं न्हाई. जिथं मी कधीच बगणार न्हाई, तिथं लपवायचं. घाई न्हाई करायची. अन् कुनी कितीबी इचारलं तरी सांगायचं न्हाई. मी इचारलं तरी न्हाई. खंडोबाची आन."

"खंडोबाची आन," येडबा गंभीरपणे म्हणाला. "काय बी लपवू?"

"काय बी," ग्यानबा म्हणाला, आणि तोंडातला शब्द संपायच्या आत घोरायला लागला.

जागा झाला तेव्हा ऊन उंबऱ्यावरून आत आलं होतं. कडूबाई कुशीत झोपलेलीच होती. येडबा बाजेच्या पायथ्याशी हात मागं बांधून उभा होता, आणि त्याचा चेहरा मोठं काम उरकून आलेल्या पाटलासारखा दिसत होता.

"हुडक, बा."

"काय हुडकू?"

"ते सांगायचं न्हाई."

ग्यानबानं जांभई देत पटका चाचपला. पटका होता. काठी होती, चिलीम होती, घोंगडी होती. मग त्याची नजर वर गेली. खुंटी मोकळी होती.

जांभई अर्ध्यातच मिटली. "येडबा, दस्ती कुठाय?"

येडबानं ओठ घट्ट मिटले.

"बाळा, खेळ संपला. मी हरलो. आता सांग."

"तू हुडकलंच न्हाईस, मग हरला कसा?"

"हुडकून हुडकून थकलो रं."

"तू तर निजला व्हतास," येडबा म्हणाला. "अन् आन हाय."

"मीच घातली ना आन? मीच सोडतो. सुटली बग!"

येडबानं जोरजोरात मान हलवली. "आन देवाफुडं सुटती. देवावर हात ठिवून. माय म्हनती."

हे खरं होतं. मागं एकदा येडबानं रुसून, जेवणार नाही म्हणून खंडोबाची आन घेतली होती. तेव्हा म्हाळसाबाईनं त्याला कासाबाईच्या घरी नेऊन, टाकांवर हात ठेवायला लावून, कपाळाला भंडारा लावून आन सोडवून आणली होती, आणि मगच घास भरवला होता. त्यांच्या घराण्यात ही रीतच होती, आणि ती पोराच्या मनावर ठसवायला ग्यानबाही पुढंच होता. म्हणजे आन सुटायला देव पाहिजेत, आणि देव सापडायला आन सुटली पाहिजे. ग्यानबाला दरदरून घाम फुटला.

त्यानं गुळाचा खडा पुढं केला. येडबानं गूळ खाल्ला आणि तोंड पुन्हा मिटलं. त्यानं डोळे वटारले, तेव्हा येडबाचे डोळे भरून आले, पण त्यानं अक्षर काढलं नाही. मग ग्यानबा घर उलथंपालथं करायला लागला. कणगीत हात घातला, चुलीतली राख उकरली, घोंगड्या झटकल्या. त्या गडबडीत कडूबाई उठली आणि तिलाही खेळाची गोडी लागली.

"कडे, दादानं कुठं लपवलं गं?"

"हितं!" कडूबाईनं पिठाच्या डब्याकडं बोट दाखवलं. ग्यानबानं कोपरापर्यंत हात पिठात घातला.

"हितं!" आता बोट गोवऱ्यांच्या ढिगाकडं होतं. ग्यानबानं ढीग उपसला. मग तिनं छपराकडं बोट दाखवलं, मग मांजराकडं, आणि शेवटी बापाच्या पोटाकडं. पोरगी सारा वेळ झोपेत होती हे ग्यानबाला तेव्हा आठवलं.

इतक्यात शेजारची म्हातारी दगडाबाई विस्तव मागायला आली. पिठानं पांढरा आणि राखेनं काळा झालेला ग्यानबा पाहून ती दारातच थबकली. "माय वो! हे काय सोंग?"

लपवून काय उपयोग? ग्यानबानं सगळं सांगितलं. एवढी म्हातारी बाई, काहीतरी तोड काढील अशी त्याला आशा होती. दगडाबाईनं ऐकून घेतलं आणि येडबाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"गुणाचं गं लेकरू. बरोबर हाय त्याचं. देवाची आन देवाफुडंच सुटती. मोडली तर तोंड वाकडं होतं."

येडबानं घाबरून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आवो मावशी, त्याला भ्या कामून दाखवायलात? दुसरी कुठली मूर्त चालंल का? देवळातला खंडोबा?"

"त्या खंडोबाला ह्या खंडोबाचं काय ठावं?" दगडाबाई म्हणाली. मग तिनं आवाज खाली आणला. "अन् मी सांगू का ग्यानबा, येवढ्याशा पोराला देव लपवायचं सुचतंय व्हय? कुनीतरी सुचवलं असंल. देव गेल्यावर कुनाचा फायदा, ते बग की."

"न्हाई वो, वैनी तसल्या न्हाईत."

"मी कुठं नाव घेतलं? तूच घेतलंस," दगडाबाई म्हणाली आणि विस्तव न घेताच लगबगीनं निघून गेली. गल्लीत तिला कोण कोण भेटलं असेल, याचा विचार करायलाही ग्यानबाला उसंत नव्हती.

त्यानं येडबाला खांद्यावर घेतलं, कडूबाईचं बोट धरलं आणि तो बाहेर पडला. जागेजवळ आलं की पोर चुळबुळ करेल, आणि ती आपल्याला खांद्यावर कळेल असा त्याचा हिशेब होता. पण येडबाही त्याचंच रक्त. त्यानं खांद्यावर बसताच डोळे गच्च मिटून घेतले. तरी मेंढरांच्या वाड्यापाशी पोरानं अंग आखडलं. झालं! दोन्ही लेकरं बाहेर उभी करून ग्यानबा वाड्यात घुसला आणि एकेका मेंढराच्या पोटाखाली, लोकरीत हात घालून चाचपायला लागला. वाड्याच्या काटेरी कुपाटीभोवती माणसं गोळा झाली. कोणी म्हणालं, ग्यानबाला ऊन लागलं. कोणी म्हणालं, गोचिडं काढायलाय. येडबा एडक्याला भितो आणि म्हणून तो तिथं दरवेळी अंग आखडतो, हे एडक्यानं मागून धडक दिल्यावरच ग्यानबाच्या ध्यानात आलं.

लंगडत घरी आला, तर म्हाळसाबाई दारात उभी होती. ओल्या धुण्याचं बोचकं डोक्यावर तसंच, आणि पाणी गालावरून निथळतंय. गल्लीत तिला सगळं कळलेलं दिसत होतं. तिनं आरडाओरडा केला असता तर ग्यानबाला बरं वाटलं असतं. पण तिनं बोचकं खाली ठेवलं, देवळीपाशी गेली आणि सारवलेल्या भिंतीवरून हात फिरवला.

"पयल्यांदा माझ्या घरात देव येणार व्हता," ती म्हणाली. "त्याला रांगोळी कशी काढायची, ते मी वढ्यावर धुणं आपटत ठरवायलते."

रातभर मेंढरं राखणारा गडी, लांडग्याला कधी भ्याला नाही, पण आता ग्यानबाला बायकोकडं बघवेना. "मी निजायला नगं व्हतं," तो म्हणाला. "पन थकलो व्हतो गं लय."

"आता बोलून काय?" तिनं डोळे पुसले. बाई खमकी होती. ऊन कलायला अजून थोडा वेळ होता. "असं करा. परत निजा."

"आं?"

"परत निजा म्हनलं. डोळे झाका, अन् तोच खेळ पयल्यापासनं खेळा. त्याला म्हना, आता पटका लपव. पोरगं हाय, चांगली जागा घावली की तिथंच जातंय. मी त्याच्या मागनं जाते."

अशा अक्कलहुशारीपुढं ग्यानबानं मनातल्या मनात हात जोडले. कडूबाईला घेऊन तो बाजेवर पडला. येडबाला पटका दिला. पटका छातीशी धरून येडबा तुरुतुरु निघाला, आणि बायको भिंतीच्या आडोशानं त्याच्या मागं. घर शांत झालं. ग्यानबा डोळे मिटून पडला, पण आता झोप कुठली? भावकी येईल, भावकीतले सगळ्यांत थोरले, म्हातारे नाना पुढं असतील, कासाबाई मागं असेल. नाना विचारतील, देव कुठायत? आणि आपण काय सांगणार? डोळे मिटले होते म्हणून?

मागलं दार कुरकुरलं. पावलं वाजली, अगदी हलकी. ग्यानबाला वाटलं, पोर आलं. त्यानं नेमाप्रमाणं डोळे मिटलेलेच ठेवले, पण पापण्यांच्या फटीतून थोडं पाहिलं. देवळीकडं एक हात जात होता. सुरकुतलेला हात, आणि त्यात बांगडी नव्हती. त्या हातात पिवळी दस्ती होती.

ग्यानबा ताडकन् उठला आणि त्यानं तो हात धरला.

"वैनी!"

"सोड मेल्या!" कासाबाई कुजबुजली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी चोरले न्हाईत! भवानीची आन!"

"मग तुमच्याकडं कसे?"

"मला ठावं असतं तर मी अशी मागल्या दारानं आले असते व्हय?" तिला धाप लागली होती. ती बाजेच्या काठावर टेकली. "दिवा घासायला म्हनून देवळीपाशी गेले. मोकळ्या देवळीला दिवा कशाला लागतो? पन हाताला सवय, काय करता. बगते तर दस्ती. सोडली तर समदे देव आत. मला वाटलं, आले. माझे देव माघारी आले. करमलं न्हाई त्यांना. मी रडले रं ग्यानबा, आनंदानं. तेवढ्यात दगडी बोंबलत गेली गल्लीतनं, कासाबाईनं देव पळवले म्हनून. मग माझी बोबडी वळली. लोक म्हनतील, म्हातारीनं पोराला गूळ दाखवून देव पळवले. हे बग, ठिवले. मी आले न्हाई अन् तू बगितलं न्हाई. जाऊ दे मला."

पण जायला वेळच मिळाला नाही. पुढल्या दारातून भोकाड ऐकू आलं.

"माझं लपवलेलं कुनी चोरलं!" येडबा पटका ओढत आत आला. त्याच्या मागं म्हाळसाबाई, रागानं लालबुंद. "मी म्हनत न्हवते? पोरगं सरळ तुमच्या वैनीच्याच देवळीपाशी..." समोर कासाबाई दिसली आणि तिचं वाक्य घशातच राहिलं.

येडबाला मोठ्यांच्या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला भिंतीतल्या देवळीत दस्ती दिसली होती. "हे हितं कसं आलं? मी तर मोठ्या मायच्या देवळीत ठिवलं व्हतं!"

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. त्यानं दोन्ही हात तोंडावर नेले, गाल चाचपले, हनुवटी चाचपली. "माय, माझं तोंड वाकडं झालं का?"

कासाबाईनं झडप घालून त्याला उचललं, दस्ती सोडली, त्याचा इवलासा पंजा टाकांवर दाबला आणि भंडाऱ्याचं बोट त्याच्या कपाळाला ओढलं. "सुटली, सुटली! सुटली माझ्या राजाची आन! सरळ हाय तोंड. लय सरळ हाय."

"माझ्याच घरी कामून ठिवलंस रं?" मग तिनं विचारलं.

"बा म्हनला, मी कधीच बगणार न्हाई तिथं लपव. तुज्या घरी यायला बा भितो," येडबा म्हणाला. आन सुटल्यामुळं तो आता मोकळेपणी बोलत होता. "अन् तू मोकळ्या देवळीम्होरं बसून रडायलतीस. मग तू पान्याला गेलीस, तवा ठिवलं. म्हनलं रडू थांबंल."

म्हाळसाबाईनं पदर डोळ्याला लावला. मघाशी जावेबद्दल मनात काय काय आणलं होतं, त्याची तिला शरम वाटली. ग्यानबानं खाली मान घातली. देवांची पाळी मागताना आपण थोरल्या घरातून काय उचलून आणतोय, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

अंगणात वहाणा वाजल्या. भावकी आली. सगळ्यांत पुढं नाना. त्यांच्या मागं माणसं, आणि माणसांच्या मागं मान उंच करून दगडाबाई.

"ग्यानबा," नाना म्हणाले, "गावात काय काय ऐकू यायलंय. देव हरवले म्हनं. कुनी म्हनतं पोरानं लपवले, कुनी म्हनतं चोरी झाली. खरं काय?"

खरं सांगावं तर देव गेले. आणि देव कुठं सापडले ते सांगावं तर वैनीची इज्जत गेली. इकडं आड, तिकडं विहीर. ग्यानबा पटका उचलून डोक्याला गुंडाळायला लागला.

नानांनी त्याचा नाद सोडला. "कासाबाई, तूच सांग. तुझा शब्द म्हंजे शब्द. तू आमच्या आधी आलीस. देव जाग्यावर हायत का न्हाईत?"

एका शब्दाचं काम होतं. कासाबाईनं 'देव माझ्या घरी सापडले' म्हटलं असतं, तर ते खोटंही झालं नसतं, आणि देव आता, या क्षणी तिच्या पदरात पडले असते, कायमचे. म्हाळसाबाईनं भिंतीला हात टेकला. कासाबाईनं देवळीतल्या देवांकडं पाहिलं.

"हायत की," ती म्हणाली. "न्हवते कधी? ह्या ग्यानबाला डोळे असून दिसत न्हाई, तर गावाला काय बोल लावावा? अन् तू गं दगडे, माना काय उंच करायलीस? आत ये अन् डोळे भरून बग. चला, बसवा देव. दिवस मावळायलाय."

"यळकोट यळकोट!" नाना ओरडले. "जय मल्हार!" भावकीनं साथ दिली, आणि भंडारा असा उधळला की सारं घर पिवळं झालं. त्या पिवळ्या धुरळ्यात म्हाळसाबाई वाकली आणि तिनं जावेच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाई, उद्यापासनं दुपारची लेकरं तुमच्याकडं धाडू का?"

"धाड की," कासाबाई नाक पुसत म्हणाली. "घर खायला उठतंय नुसतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्यानबाच्या घरात जी शांतता पसरली, तसली त्यानं लेकरं झाल्यापासून अनुभवली नव्हती. म्हाळसाबाई खुरपायला गेली होती, लेकरं थोरल्या घरी होती. डोंगर व्हायचं नव्हतं, मुंग्या राखायच्या नव्हत्या. ग्यानबानं बाजेवर अंग टाकलं, सुखानं उसासा सोडला आणि डोळे मिटले.

मग त्यानं एक डोळा उघडून देवळीकडं पाहिलं. होते. डोळा मिटला. मांजर आलं तर? उठून त्यानं मांजर हाकललं. दार लोटून घेतलं. मग दिव्याचा धूर कोंडून देव काळे पडले तर, या विचारानं दार पुन्हा उघडलं. दगडाबाई विस्तवाला आली, तेव्हा तो देवळीपुढं पाठ लावून उभा राहिला आणि ती गेल्यावर देव हातानं चाचपून पाहिले. बाज ओढून देवळीखाली घेतली, तर देव दिसेनात. म्हणून बाज पुन्हा मागं सरकवली. असं करता करता सावल्या लांबायला लागल्या, तरी डोळ्याला डोळा नाही. आणि वर्ष अजून अख्खं पुढं होतं.

शेवटी त्याला राहवेना. दाराला दोरी आवळून बांधली आणि तो थोरल्या घरी गेला. तिथं कासाबाई जमिनीवर चांगली हातपाय ताणून पडली होती आणि मोठ्यानं घोरत होती. एका बाजूला येडबा, दुसऱ्या बाजूला कडूबाई, तिघंही ढाराढूर. ग्यानबा तिच्या उशाशी बसला.

"वैनी," तो हळूच म्हणाला. "ओ वैनी. एक म्हननं व्हतं. मी काय म्हनतो, देव आपले तुमच्याकडंच असू द्या की. पाळीबिळी काय, आपलंच घर हाय."

घोरणं थांबलं. कासाबाईनं डोळे मात्र उघडले नाहीत.

"लगीन होऊन ह्या घरात आले, तवापासनं दुपारची निजले न्हवते रं मी," ती म्हणाली, आणि तिनं कडूबाईला आणखी जवळ ओढलं. "पाळी म्हंजे पाळी. जा तू. घरी देव एकटे हायत."

ग्यानबा वहाणा तिथंच विसरून घराकडं पळत सुटला.